स्वमूल्यांचा नाका

ठाण्याच्या जुन्या भागात पत्ता विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या नाक्याचे नाव सांगितले जाते. टेंभी नाका हे त्यांतले ठळक नाव. या एका नावाच्या आसऱ्याने १८७९ साली बांधलेले बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग उभे आहे, पारशांची अग्यारी आहे, ख्रिस्ती देवालय आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे, आनंद आश्रम आहे, आणि नवरात्रात नाक्यावरच उभा राहणारा देवीचा मांडव आहे. बाहेरून आलेल्या माणसाला यांतले काहीही आधीपासून माहीत असावे लागत नाही. त्याला नाका माहीत असला म्हणजे झाले. पुढचे रस्ते नाका सांगतो. (सिनेगॉगच्या हिब्रू नावाचा अर्थच मुळी ‘स्वर्गाचे द्वार’ असा आहे, हे जाता जाता.)

नाक्याचा हा विचार डोक्यात आला तो एका परिभाषेच्या कामामुळे. गणित विभागातील एका सहकाऱ्यांना विद्यार्थ्यांसाठी संगणकीय संज्ञांचे छोटे पत्रक मराठीत करायचे होते, आणि ‘इंटरफेस’ या शब्दापाशी ते अडले होते. ‘आंतरपृष्ठ’ हा शब्द त्यांच्यासमोर होता. पण त्यातून दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटल्यासारखे वाटते, कोणी कोणाला काही विचारते आहे असे वाटत नाही. मी ‘नाका’ हा शब्द सुचवला. ते हसले, पण त्यांनी लगेच स्वतःच्या विषयातले एक उदाहरण पुढे केले: मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढून देणाऱ्या प्रोग्रॅम-संग्रहाचा नाका कसा असावा, यावर गेली पन्नास-साठ वर्षे जगातील उत्तम डोकी विचार करत आली आहेत, आणि प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. मी मराठीचा माणूस. परंतु कोणी काय विचारावे, किती शब्दांत विचारावे आणि उत्तर देणाऱ्याने किती सांगावे, हा प्रश्न भाषेचाही आहे, म्हणून मी त्यात गुंतलो.

प्रथम ‘आयगेन’ या शब्दाविषयी. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘स्वतःचा’, ‘अंगचा’ असा होतो. डाव्हिड हिल्बर्टने १९०४ साली समाकल समीकरणांवरील आपल्या लेखनात ‘आयगेनवेर्ट’ ही संज्ञा वापरली आणि ती रुळली. इंग्रजीने अर्धा शब्द जर्मन ठेवला, अर्धा आपला घेतला. मी या लेखात ‘स्वमूल्य’ म्हणणार आहे आणि त्याच्या जोडीच्या दिशेला ‘स्वसदिश’.

वस्तू अवघड नाही. तबल्यावर थाप दिली की तो वाटेल त्या स्वरात बोलत नाही; त्याच्या अंगचे ठरावीक स्वर असतात, तेच उमटतात. साध्या, सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल चामड्याचे स्वर एकमेकांशी बेसूर असतात: मूळ स्वराची वारंवारता १ मानली तर पुढचे स्वर साधारण १.५९, २.१४, २.३० असे येतात. तबल्याच्या शाईमुळे हे आकडे सरकतात आणि पूर्णांकांच्या जवळ येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली या वाद्यांवर लिहिले ते याच कारणाने. थोडक्यात, शाई लावणारा कारागीर स्वमूल्ये बदलत असतो. तबल्याच्या जागी इमारत, पूल किंवा धरण ठेवा, त्याचे लहान लहान तुकडे कल्पा, प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो ते एका मोठ्या चौकोनी कोष्टकात मांडा. त्या कोष्टकाला गणिती मॅट्रिक्स म्हणतात, मराठी ग्रंथांतून ‘आव्यूह’ असेही म्हणतात. त्याची स्वमूल्ये काढली की त्या वास्तूचे अंगचे स्वर हाती येतात.

महाराष्ट्रात या स्वरांना एकदा फार गंभीर अर्थ प्राप्त झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण उभे राहिले, पण त्याला आडव्या भेगा पडल्या, आणि त्या पायथ्याशी न पडता वरच्या बाजूस, जिथे धरणाच्या पाठीचा उतार एकाएकी बदलतो त्या उंचीवर पडल्या. धरणातच बसवलेल्या उपकरणाने जमिनीच्या हालचालीचा आलेख टिपला होता. इतक्या जवळून टिपलेले आलेख त्या काळी जगात दुर्मीळ होते. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे धरण संगणकावर उभे करून दाखवले की भेगा तिथेच पडायला हव्या होत्या. अशा कोणत्याही अभ्यासाच्या बुडाशी धरणाच्या काही मोजक्या स्वमूल्यांचा हिशेब असतो. कोयनेच्या धरणाचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे तीन आंदोलनांचा आहे. अभियंत्याला लागतात ते असे खालचे चार-सहा स्वर. उरलेले शेकडो किंवा हजारो त्याच्या कामाचे नसतात.

हे येथे सांगण्याचे कारण असे की नाक्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न यातूनच जन्मतो. तुम्हाला सगळी स्वमूल्ये हवीत की थोडी? थोडी हवी असतील तर कोणत्या टोकाची? केवळ मूल्ये हवीत की स्वसदिशही, म्हणजे केवळ स्वर हवा की तो स्वर वाजताना धरण कसे वाकते तो आकारही? भेगा कुठे पडतील हे कळण्यासाठी आकार लागतो.

दुसरा प्रश्न जागेच्या टंचाईतून आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने तो येथेच घडवला होता, आणि पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत; संगणकाच्या भाषेत एक शब्द म्हणजे एक संख्या. ४५ ओळी आणि ४५ स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये २०२५ संख्या असतात. ती आत ठेवली की उरतात २३ जागा, आणि त्यांत प्रोग्रॅमही बसवायचा! मात्र मॅट्रिक्स सममित असेल, म्हणजे कर्णाच्या वरचा भाग खालच्याचे प्रतिबिंब असेल, तर अर्धीच साठवावी लागते. मग ६३ ओळींची मॅट्रिक्सही २०१६ शब्दांत मावते. धरणासारख्या वास्तूंच्या मॅट्रिक्स सममितच असतात. तेव्हा ‘माल सममित आहे का?’ हे विचारणे ही त्या काळी चौकशीची हौस नव्हती. एके काळी जकात नाक्यावर गाडीत काय आहे हे आधी सांगावे लागे, तसेच हे. शिवाय सममित मॅट्रिक्सची स्वमूल्ये नेहमी वास्तव संख्या असतात आणि तिचे काम अधिक वेगाने व अधिक भरवशाने होते. ज्याने हे सांगितले त्याचा फायदा होतो. ज्याने सांगितले नाही त्याच्यासाठी लांबचा रस्ता.

नाका खऱ्या अर्थाने बांधला गेला तो इंग्लंडात आणि जर्मनीत. जेम्स विल्किन्सन हे टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले गणिती. अ‍ॅलन ट्यूरिंगबरोबर त्यांनी संगणक बांधण्याच्या कामात उमेदवारी केली होती. १९६५ साली त्यांचा स्वमूल्यांवरील ग्रंथ निघाला, आणि १९७१ साली क्रिस्टियान राइन्श यांच्यासह त्यांनी एक हस्तपुस्तिका संपादित केली. तीत अल्गॉल या भाषेत लिहिलेल्या, आधी नियतकालिकातून छापून पारखल्या गेलेल्या कार्यपद्धती एकत्र केल्या होत्या. त्यांची रचना मला वाङ्मयीन दृष्ट्याही मोहक वाटते. प्रत्येक कार्यपद्धतीच्या शीर्षओळीत तीन प्रकारची सामग्री वेगळी मांडलेली असे: जे तुम्ही द्यायचे ते, जे बदलून परत मिळणार ते, आणि अपयश आल्यास बाहेर पडण्याचे दार. या दाराला स्वतंत्र नाव होते. गणित फसले तर प्रोग्रॅम त्या दाराने बाहेर पडे. फसले आहे हे न कळता पुढे जाण्याची सोयच नव्हती. आणखी एक गोष्ट म्हणजे, आपला संगणक किती बारीक फरक ओळखू शकतो हा आकडादेखील विचारणाऱ्यानेच द्यायचा. ग्राहकाने आपल्या तराजूची चूक स्वतः कबूल करावी, असा तो करार होता.

अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेने या अल्गॉल कार्यपद्धतींचे फोरट्रान भाषेत रूपांतर केले. त्यातून १९७२ साली ‘आयस्पॅक’ हा संग्रह बाहेर पडला, दुसरी सुधारित आवृत्ती १९७६ साली. भाषांतराचा प्रत्यय असलेल्या कोणालाही हे प्रकरण ओळखीचे वाटेल. अपयशाचे स्वतंत्र दार फोरट्रानमध्ये जसेच्या तसे येईना, तेव्हा त्याच्या जागी एक पूर्णांक आला: शून्य म्हणजे सर्व ठीक, शून्याखेरीज काही असेल तर त्या क्रमांकाचे स्वमूल्य तीस फेऱ्यांतही हाती लागले नाही असे समजावे. दार होते तोवर त्यातून जावेच लागे. आकडा मात्र न वाचताही पुढे जाता येते. मूळ पाठातील धाक रूपांतरात सैल झाला. अनेकांनी तो आकडा कधीच वाचला नसेल, असे म्हणण्यास पुराव्याची फारशी गरज नाही. आपण औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तरी कुठे वाचतो? उलट संगणकाच्या बारकाव्याचा आकडा विचारणाऱ्याकडून काढून घेऊन संग्रहाच्या आत ठेवला गेला. हा बदल चांगलाच झाला. दर वेळी चुकीचा आकडा भरण्याची संधी गेली.

फोरट्रानने नावे मात्र सहा अक्षरांत कोंडली. त्यातून ‘ट्रेड२’, ‘टीक्यूएल२’, ‘एचक्यूआर’, ‘बॅलबॅक’ अशी नावे जन्मली. सममित मॅट्रिक्सची सगळी स्वमूल्ये आणि स्वसदिश हवे असतील तर आधी ‘ट्रेड२’ ला हाक मारायची, मग तिचे उत्तर ‘टीक्यूएल२’ च्या हाती द्यायचे. मॅट्रिक्स सममित नसेल तर समतोल साधणे, तिला विशिष्ट आकारात आणणे, केलेल्या क्रियांची नोंद जुळवणे, स्वमूल्ये काढणे आणि शेवटी समतोलाचा परिणाम उलटवणे अशा पाच हाका एकामागून एक. याला ते ‘वाट’ म्हणत, आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेचा मोठा भाग कोणत्या कामाला कोणती वाट हे सांगण्यातच खर्च झाला आहे. म्हणजे नाक्यावर येणाऱ्याला आतल्या गल्ल्या पाठ असणे आवश्यक होते.

येथे ठाणेकरांना एक जवळचे उदाहरण देतो. आपले मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांत होते. कोणत्याही जुन्या ग्रंथालयात दोन रीती असतात. वाचकाला कपाटांपर्यंत मोकळे सोडायचे, किंवा काउंटरवर चिठ्ठी घेऊन पुस्तक आतून आणून द्यायचे. पहिल्या रीतीत वाचक हिंडतो, चुकतो, न मागितलेले काहीतरी हाती लागते. दुसरीत वेळ वाचतो, पण चिठ्ठीवर नीट लिहिता आले पाहिजे. आयस्पॅकच्या मंडळींनी हे दोन्ही करून पाहिले. कपाटे मोकळी होतीच. त्याबरोबर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांसाठी त्यांनी एक नियंत्रक प्रोग्रॅमही दिला. त्याला तुम्ही चिठ्ठीसारखे सांगायचे: मॅट्रिक्स वास्तव आहे, सममित आहे, मूल्ये हवीत, सदिश हवेत; आणि वाट तो निवडायचा. मला हा प्रयत्न फार पुढचा वाटतो. त्यात विचारणाऱ्याने आपल्या मालाविषयी जे ठाऊक आहे ते बोलायचे होते, रस्त्याविषयी काही बोलायचे नव्हते. तो त्या यंत्रांबरोबरच मावळला. पुढच्या आवृत्त्यांत ठरावीक वाटा आधीच बांधून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम आले, त्यांची नावे दोन-तीन अक्षरांची.

१९९२ साली ‘लॅपॅक’ आला. आज जगातले बहुतेक स्वमूल्यांचे हिशेब शेवटी त्याच्यातून किंवा त्याच्या वंशजांतून जातात. येथे सहा अक्षरांच्या तुरुंगातून एक शिस्तशीर नामपद्धती घडवली गेली: पहिले अक्षर संख्यांच्या प्रकाराचे, पुढची दोन मॅट्रिक्सच्या जातीची, शेवटची कामाची. ‘डी-एस-वाय-ई-व्ही’ हे नाव एका दमात उच्चारता येत नाही, पण त्याची फोड संस्कृत समासासारखी करता येते: दुहेरी अचूकतेच्या, सममित मॅट्रिक्सची, स्वमूल्ये. एकदा विग्रह समजला की शेकडो नावे अर्थासह वाचता येतात. सौंदर्याची हानी झाली खरी. व्याकरणाचा लाभ झाला.

नाक्यावरची गर्दी मात्र वाढली. या सममित प्रोग्रॅमला नऊ गोष्टी द्याव्या लागतात, असममित भावंडाला चौदा. कच्च्या कामासाठी लागणारी जागादेखील विचारणाऱ्यानेच आणून द्यायची, कारण त्या वेळच्या फोरट्रानला स्वतःहून जागा मागता येत नसे. ती किती लागेल हे ठाऊक नसेल तर जागेच्या लांबीच्या ठिकाणी उणे एक लिहायचे. मग प्रोग्रॅम काम न करता फक्त आकडा सांगतो. घरी पाहुणा बोलावण्याआधी तो किती जेवतो हे विचारण्यासाठी त्यालाच वेगळे पत्र धाडावे, असा हा प्रकार. आणि तुम्ही दिलेली मॅट्रिक्स परत मिळत नाही; तिच्या जागेवर स्वसदिश लिहिले जातात किंवा ती नुसतीच मोडून जाते. मूळ कागद देऊन छायाप्रत जपून न ठेवणाऱ्याला कचेरीत जो अनुभव येतो तोच. असममित मॅट्रिक्सची स्वमूल्ये संमिश्र संख्या असू शकतात. त्यांचा वास्तव भाग एका यादीत, काल्पनिक भाग दुसऱ्या यादीत, आणि जोडीने येणारे सदिश शेजारच्या दोन स्तंभांत फोडून ठेवलेले. जुळवणी विचारणाऱ्याने करायची.

या गुंत्यावरचा उतारा एका शिक्षकाने आधीच शोधला होता. क्लीव्ह मोलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. आयस्पॅकच्या कामात ते स्वतः होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता हे संग्रह वापरता यावेत, एवढ्याच हेतूने त्यांनी ‘मॅटलॅब’ लिहिले. त्यात स्वमूल्यांसाठी तीन अक्षरे होती: आयग. कंसात मॅट्रिक्सचे नाव. बस्स. ना जात, ना जागा, ना वाट. एक उत्तर मागितले तर मूल्ये येतात, दोन मागितली तर सदिशही येतात. मार्गदर्शिकेतील पानेच्या पाने एका कंसात विरघळली. १९८४ साली त्याची व्यावसायिक कंपनी झाली. जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्वमूल्य म्हणजे ती तीन अक्षरे, असे समीकरण बसले.

मुंबईने या इतिहासात आपले एक पान जोडले आहे आणि त्याची मराठीत फारशी नोंद नाही. टाटा संस्थेतील खगोलभौतिकीचे अभ्यासक एच. एम. अंतिया यांचा संख्यात्मक पद्धतींवरील ग्रंथ १९९१ साली निघाला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या झाल्या. त्यात स्वमूल्यांचे प्रकरण आहे आणि सोबत चालणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांत ‘ट्रेड२’, ‘टीक्यूएल२’ ही जुनी नावे पुन्हा भेटतात, आणि अपयशाचा आकडाही. अंतियांना स्वमूल्यांची गरज होती ती सूर्यासाठी. सूर्यही तबल्यासारखा आपल्या अंगच्या स्वरांत थरथरतो. ते स्वर मोजून त्याच्या पोटातली रचना उलगडायची, असा तो अभ्यास. शशिकुमार मधुसूदन चित्रे यांच्यासह अंतिया सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून या विषयावर लिहीत आले. चित्रे २०२१ साली गेले. ज्याला उत्तर स्वतःला वापरायचे आहे त्याने बांधलेला हा नाका आहे, आणि तो प्रकरणाला जोडून येतो: आधी पद्धत कुठे फसते ते वाचा, मग हाक मारा. ग्रंथालयाच्या उपमेत सांगायचे तर कपाटाशेजारी जाणता ग्रंथपाल उभा आहे. व्यक्तिशः मला ही रीत सर्वांत जवळची वाटते, अर्थात माझा पेशा शिकवण्याचा आहे हे लक्षात घेऊन वाचकांनी या मतातून काही वजा करावे.

पवईच्या आयआयटीने पुढे वेगळी दिशा धरली. तेथील फॉसी प्रकल्पाने फ्रान्समध्ये जन्मलेल्या, विनामूल्य असलेल्या ‘सायलॅब’ प्रणालीचा देशभर प्रसार केला, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातून तिचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध झाले. सायलॅबमध्ये स्वमूल्यांसाठीचा शब्द ‘स्पेक’, म्हणजे वर्णपटाचे लघुरूप. परवान्याचे पैसे न भरता, मराठी ऐकत, गावातल्या महाविद्यालयातील मुलगी मॅट्रिक्स लिहिते आणि चार अक्षरांनी लॅपॅकला काम सांगते. विल्किन्सन यांच्या ग्राहकाला आपला तराजू तपासावा लागे. हिला काहीच विचारले जात नाही.

आणि अडचण नेमकी येथे आहे. न विचारणाऱ्या नाक्याला अंदाज करावा लागतो. मॅटलॅबसारख्या प्रणाली मॅट्रिक्स सममित आहे का ते स्वतः तपासतात, पण काटेकोर तपासतात: सोळाव्या दशांश स्थळाशी एक अंक हलला, जो आधीच्या हिशेबातील निव्वळ पूर्णांकनामुळे हलू शकतो, तर ती असममित ठरते आणि लांबच्या रस्त्याने जाते, मग धरणाच्या स्वरांत नसता काल्पनिक अंश डोकावू शकतो. पायथनच्या नमपाय संग्रहात याच्या उलट निवड केली आहे. तेथे दोन दारे आहेत, एक सर्वसाधारण आणि एक सममितांसाठी. सममितांचे दार तपासणी करतच नाही. ते मॅट्रिक्सचा फक्त खालचा त्रिकोण वाचते. वरचा भाग चुकून वेगळा भरला असेल तर त्याकडे पाहिलेही जात नाही, आणि तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे अत्यंत अचूक उत्तर मिळते. सर्वसाधारण दारातून येणारी मूल्ये कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. स्वसदिशाचे चिन्ह तर कोणाच्याच हाती नाही: धरण डावीकडे वाकले काय किंवा उजवीकडे वाकले काय, गणिताच्या दृष्टीने आकार एकच. प्रात्यक्षिकाच्या वहीत शेजाऱ्याचे उत्तर उलट्या चिन्हाचे दिसले म्हणून आपले खोडणारे विद्यार्थी आमच्या सहकाऱ्यांनी पाहिले आहेत.

याहून खोल फट अभ्यासक्रम आणि संग्रह यांच्यामध्ये आहे. आपल्याकडे स्वमूल्ये शिकवतात ती तीन ओळींच्या मॅट्रिक्सवर: निश्चयक मांडा, बहुपदी मिळवा, तिची मुळे काढा. गंभीर संग्रह हे कधीही करत नाहीत. विल्किन्सन यांनीच त्याचे कारण दाखवले होते. १ ते २० या मुळांची बहुपदी घ्या. तिच्या एका सहगुणकात, मूळच्या उणे २१० मध्ये, एक भागिले दोनाचा तेविसावा घात इतका, म्हणजे सुमारे एक कोटीत एक भागाएवढा, फरक करा. दहा मुळे वास्तव राहतच नाहीत. १६ आणि १७ यांच्या जागी एक संमिश्र जोडी येते, जिचा काल्पनिक भाग २.८ च्या आसपास असतो. म्हणून संग्रह बहुपदीकडे फिरकत नाहीत. ते मॅट्रिक्सला हळूहळू वळवत जातात, १९६१ च्या सुमारास जॉन फ्रान्सिस आणि लेनिनग्राडच्या वेरा कुब्लानोव्स्काया यांनी परस्परांना न कळता शोधलेल्या पद्धतीने. गंमत अशी की मॅटलॅब बहुपदीची मुळेसुद्धा तिची मॅट्रिक्स करून, स्वमूल्ये म्हणून काढते. वर्गात शिकवतात त्याच्या नेमके उलट. फ्रान्सिस तर हे क्षेत्र सोडून गेले, आणि आपल्या पद्धतीचे पुढे काय झाले हे त्यांना २००७ मध्ये गणितींनी शोधून काढीपर्यंत ठाऊक नव्हते. नाक्यावर त्यांच्या नावाची पाटी नाही.

विल्किन्सन यांच्या शिकवणीचा गाभा असा होता की मिळालेले उत्तर किती विश्वासार्ह आहे हा उत्तराचाच भाग आहे. लॅपॅकमध्ये तो जपला गेला आहे. तेथे त्याच कामाचे एक ‘तज्ज्ञ’ दार आहे, आणि ते प्रत्येक स्वमूल्याबरोबर एक आकडा देते: मॅट्रिक्समध्ये जराशी चूक असेल तर हे मूल्य किती हलेल, याचा. म्हणजे यंत्राला हे ठाऊक असते. परंतु तीन-चार अक्षरांच्या दारातून हा आकडा बाहेर येत नाही. तो मागण्यासाठी तो असतो हे आधी माहीत हवे, आणि ज्याला माहीत असते त्याला त्याची गरज तुलनेने कमी असते. माझा आक्षेप दार लहान असण्याला नाही. ते लहान झाले म्हणूनच ती गावची मुलगी आत आली. लहान करताना कोणत्या गोष्टी गाळायच्या हे ठरवणाऱ्यांनी जागेचा आकडा, जातीचे अक्षर आणि भरवशाचा आकडा यांना एकाच तोलाने मोजले, हे मला खटकते.

एक उलटा प्रयोगही झाला. फार मोठ्या मॅट्रिक्ससाठी नव्वदच्या दशकात ‘आरपॅक’ हा संग्रह तयार झाला. लाखो ओळींची मॅट्रिक्स नाक्यावर आणणेच शक्य नसते. म्हणून या संग्रहाने ती मागायचेच सोडून दिले. तुम्ही त्याला हाक मारता. तो थोडा हिशेब करून परत येतो आणि तुम्हालाच म्हणतो, हा सदिश घ्या, तुमच्या मॅट्रिक्सने गुणा, आणि उत्तर घेऊन या. असे अनेक हेलपाटे झाल्यावर तो चार-सहा स्वमूल्ये काढून देतो, आणि कोणत्या टोकाची हवीत हे मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घेतो. वापरणारे या पद्धतीला कंटाळले, आणि पायथनमध्ये व इतरत्र तिच्यावरही लवकरच एका शब्दाचे झाकण आले. तरीही दोघांनी आळीपाळीने बोलायचे असे खरेखुरे संभाषण मला या सगळ्या इतिहासात येथेच आढळले.

कोयनेचे धरण आता अ‍ॅबॅकस या प्रसिद्ध अभियांत्रिकी प्रणालीच्या पुस्तिकेत सोडवलेले उदाहरण म्हणून छापलेले असते. जगात कुठेही बसलेला विद्यार्थी ते उघडतो, पहिले चार स्वर काढतो, पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहतो. हेळवाकचा घाट किंवा कोयनानगरची वसाहत त्याला माहीत असण्याचे कारण नाही.

आमच्या सहकाऱ्यांच्या पत्रकात अखेर ‘आंतरपृष्ठ’ हाच शब्द गेला. विद्यार्थ्यांना परीक्षेत तोच लिहावा लागेल, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पत्रक छापून आल्यावर त्यांनी मला दाखवले, तेव्हा त्या शब्दासमोर त्यांच्या स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘नाका’ लिहिलेले होते.